पंधराच्या खाली सात दिवस

डेपोत त्याला सगळे चिकट म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कंजूष या अर्थाने नव्हे. बसच्या कंडक्टरांच्या हातातली तिकिटांची मशीनं दुरुस्त करायची आणि त्यांत प्रोग्रॅम भरायचे, हे त्याचं काम. मशीन बिघडलं तर दुसरा कुणी कंडक्टरला नवं देऊन मोकळा झाला असता. हा खुर्ची ओढून बसायचा आणि नक्की काय बिघडलं ते सापडेपर्यंत उठायचा नाही. एकदा एका मशीनवर तिकिटावरची वेळ तीन मिनिटं मागे पडत होती. प्रवाशांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, कंडक्टरलाही नव्हतं. याने त्यापायी चार दिवस घातले. एकोणतीस वर्षं एका टेबलाशी असा माणूस बसला की लोक त्याच्याबद्दल दोनच गोष्टी म्हणतात: हुशार आहे, आणि वाया गेला. दोन्ही थोडंथोडं खरं होतं.

या माणसाने आयुष्यात एकदाच एका मशीनला मुद्दाम खोटं बोलायला शिकवलं, आणि ते कुणा परक्यासाठी नाही, सख्ख्या बहिणीसाठी.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने चौतीस वर्षं काढली. आतले चारशे बारा नंबर तिला तोंडपाठ होते. डॉक्टर बदलले, वॉर्ड बदलले, तिने कधी वही उघडली नाही. लग्न केलं नाही. का, असं विचारण्याची हिंमत फार थोड्यांनी केली, आणि त्यांना तिने "लाइन बिझी आहे" एवढंच सांगितलं. निवृत्तीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि मजेत राहायची. भाऊ साठीला टेकला तरी ती त्याला बारक्या म्हणायची. जगात त्याला बारक्या म्हणणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

बुद्धिबळ त्यांच्यात लहानपणी आलं, तेही विचित्र रीतीने. वडील रात्रपाळी करून दिवसभर झोपायचे आणि घर एका खोलीचं. मोहरा पटावर जरा जोरात टेकला की वडील जागे व्हायचे, आणि मग जे व्हायचं ते दोघांच्याही पाठीवर व्हायचं. चौदा वर्षांच्या ताईने त्यावर तोड काढली. पट कपाटावर ठेवून दिला, भावाला खिडकीखाली बसवलं आणि त्याच्या कानात कुजबुजली, "राजापुढचं प्यादं, दोन घरं. तुझी चाल." तेव्हापासून दोघं पटाशिवायच खेळले. पहिली दोन वर्षं हा दहाव्या चालीच्या पलीकडे गेला नाही. आपला घोडा कुठल्या घरात उभा आहे हेच त्याला सापडायचं नाही, आणि ताई तोंडावर हात दाबून हसत बसायची. मोठेपणी ती चौघांशी एकाच वेळी, पटांकडे पाठ करून बसून खेळायची. हा तिला सबंध जन्मात अकरा वेळा हरवू शकला. ते अकरा डाव त्याला अजून पाठ आहेत. माणूस आपली जीत कधी विसरत नाही.

मग ताई शब्द विसरायला लागली. आधी शब्द, मग शेजारणीचं नाव, मग एकदा आपलाच मजला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "हा म्हातारपणाचा विसराळूपणा नाही. वाढत जाणार. थोपवता येईल, परतवता येणार नाही. जे काही ठरवायचं असेल ते डोकं ठिकाणावर आहे तोवर तुम्हीच ठरवा."

ताईने ठरवलं. एक्सचेंजमधली बाई, भिजत घोंगडं ठेवणं तिला कधी जमलंच नाही. नदीकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर होतं, ते ती स्वतः जाऊन बघून आली. बागेकडे उघडणाऱ्या खोल्या, वाचायला टेबल, आणि दिवसा एकाही दाराला कडी नाही. तिथे एकदा गेलेल्याचं पुढे भान हरपलं तरी त्याला शेवटपर्यंत सांभाळत. अट एकच होती: येताना माणसाने समजून-उमजून यायचं आणि स्वतःच्या हाताने सही करायची. भान गेल्यावर आणून सोडलेल्यांना तिथे जागा नव्हती.

"मी जाईन तिथे," ताई भावाला म्हणाली, "पण इतक्यात नाही. माझ्या खोल्यांत जेवढं राहता येईल तेवढं राहून मगच. फक्त वेळ झाली हे मला कळायला हवं ना? माझ्यापुरतं मला मी ठीकच वाटणार."

"मी सांगेन की."

"तू? तुझं तोंड लगेच पडतं. तू मला मुद्दाम जिंकू देशील. लहानपणी हरलास तरी कबूल करायचा नाहीस, आता जिंकलास तर कबूल करणार नाहीस. मला मशीन करून दे, बारक्या. पट न बघता मला एकटीला खेळता येईल असं. रोज किती चाली माझ्या डोक्यात टिकल्या ते त्याने सांगायचं. पंधराच्या खाली सलग सात दिवस आलं की मी जाऊन सही करणार. एखादा दिवस कुणाचाही वाईट जातो, सात जात नाहीत."

भंगारात टाकलेलं एक तिकिटाचं मशीन त्याने साहेबांना सांगून घरी आणलं. मुठीत मावणारं, जाड बटणांचं, दोन ओळींच्या पडद्याचं. पट दाखवायला त्यात जागाच नव्हती, म्हणजे पडद्याची गरिबी इथे कामाला आली. चौसष्ट घरांना त्याने दोन-दोन आकडे दिले: आडवं कितवं, उभं कितवं. ताईला हे फार आवडलं. "म्हणजे सगळी एक्स्टेंशनच की," ती म्हणाली. ती चार आकडे दाबायची, कुठून आणि कुठे. मशीन उलट चार आकडे दाखवायचं, ती त्याची चाल. मधूनच मशीन एखाद्या घराचा नंबर दाखवून विचारायचं, इथे कोण? मग तिने हत्तीचं, उंटाचं, घोड्याचं बटण दाबायचं, किंवा रिकामं असेल तर शून्य. पहिली चूक झाली की खेळ बंद, आणि तिकीट फाडतात तशी एक चिठ्ठी बाहेर यायची. तीवर तारीख आणि एक आकडा.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये त्याने चाल परत घ्यायचं बटण ठेवलं होतं. ताईने दुसऱ्याच दिवशी ते काढायला लावलं. चूक झाल्यावर बारीक शिट्टी वाजायची, तीही बंद करायला लावली. "चुकले तर चुकले म्हण, गाणं कसलं म्हणतोस!" तिच्या बोटांना बटणं लहान पडतात हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याने ती मोठी करून घेतली. डेपोतले लोक चिडवायचे, चिकटाला नवी नवरी मिळाली. महिनाभर त्याने त्या मशीनवर जीव लावून काम केलं. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. त्यात एकही चूक नव्हती.

पहिली चिठ्ठी एक्केचाळीसची. ताई चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या डब्यात क्रमाने ठेवायची. दर शनिवारी हा जायचा, कागदाचं रीळ बदलायचा, चहा प्यायचा आणि डब्यात डोकावायचा. सदतीस, एकोणचाळीस, तीस. मग हिवाळ्यात सव्वीस, बावीस, एकोणीस. आकडा उतरताना आवाज करत नाही. आणि एका शनिवारी डब्यात वरच्या वर सहा चिठ्ठ्या होत्या: चौदा, बारा, तेरा, चौदा, अकरा, बारा.

ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिने मागे न बघता विचारलं, "बघितलंस ना? उद्या सातवा. परवा रजा टाक, नदीकाठी जाऊ."

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय? ठरलंय."

त्याने मशीन उचललं. "बटणं अडकतायत जरा. साफ करून आणतो, तासाभरात." आणि जिन्याखाली, पायरीवर बसून, केबल लावून त्याने प्रोग्रॅम बदलला. सात ओळी, जास्त नाही. आता ताईने सांगितलेल्या घरात घोडा नसला तर मशीन गुपचूप घोडा तिथे नेऊन ठेवणार होतं. तिच्या डोक्यातला पट मशीनच्या पटाशी जुळला नाही तर मशीननेच आपला पट बदलायचा. फारच अशक्य काही दाबलं तरच चूक.

तो दुष्ट नव्हता. पण त्याने हे नुसतं ताईवरच्या दयेपोटी केलं, असंही मी म्हणणार नाही. ती गेली की आपल्याला बारक्या म्हणणारं कुणी उरणार नाही, हे त्याला त्या पायरीवर स्वच्छ दिसत होतं. एकोणतीस वर्षं तो दुसऱ्यांच्या मशीनमधला तीन मिनिटांचा फरक शोधत आला, आणि इथे सात ओळींत त्याने बहिणीचं उरलेलं आयुष्य चुकवलं. रोग रेड्याला, औषध पखालीला.

सातव्या दिवशीची चिठ्ठी बावीसची आली. ताईने फोन केला. तिचा आवाज इतका मोकळा कित्येक महिन्यांत झाला नव्हता. "अरे, बावीस! बटणंच अडकत होती बघ, आणि मी मेली सामान बांधायला बसले होते!"

त्याला रडू आलं, आणि ते आनंदाचं आहे अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

बायकोने मात्र संध्याकाळी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मशीन सुधारलं की ताई सुधारल्या?"

"बॅटरी कमजोर होती."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही हो," ती म्हणाली आणि इस्त्री करायला लागली. त्याने कबूल केलं नाही, तिने पुन्हा विचारलं नाही. संसारात असे करार होतात.

पुढचे आठ महिने चिठ्ठ्या वीस ते सव्वीसच्या मध्ये राहिल्या. आणि मग एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. ज्याने खोटं रचलं त्याचाच त्यावर विश्वास बसायला लागला. ताईने गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं, तेव्हा हा म्हणाला, पण काल तर चोवीस होते. ताई एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून आली, तेव्हा म्हणाला, घाई झाली असेल, परवाच पंचवीस होते. एकदा ताईच म्हणाली, "तुझं मशीन हल्ली ढ झालंय रे. समोर वजीर उघडा पडलाय तरी घेत नाही. जरा तल्लख कर त्याला." खेळाडू ती होतीच, शेवटपर्यंत. हा मान खाली घालून रीळ बदलत राहिला.

मग एका बुधवारी दुपारी इस्पितळातून फोन आला. पहारेकरी बोलत होता. एक्सचेंजची जुनी खोली आता चाकांच्या खुर्च्या ठेवायला वापरत. तिथे एक बाई स्टुलावर बसली होती आणि कुणी आत आलं की म्हणायची, "लाइन धरा, जोडून देते." सकाळपासून बसली होती. बाहेर कडाक्याची थंडी आणि अंगात नुसता गाऊन.

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन नदीकाठच्या घरी गेला. उशीर झाला म्हणजे किती, दोन-चार महिने असतील, काहीतरी मार्ग निघेल, असं तो वाटेत स्वतःशी म्हणत होता. तिथल्या व्यवस्थापक बाई शांत होत्या, घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारलं, "आज वार कोणता?"

"शनिवार. शनिवारी हा येतो."

"हे कोण?"

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. "आमच्याकडचा दुरुस्तीवाला. चांगला माणूस आहे."

बाईंनी कागद पुढे केला आणि पेन दिलं. ताईने पेन बरोबर धरलं, पहिलं अक्षर काढलं, थांबली, आणि पुढे आकडे लिहीत गेली. दोनशे सहा. दोनशे सात. तीनशे चाळीस. ओळ भरल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि मांडीवरचा बिस्किटांचा डबा उघडून बाईंच्या समोर सरकवला. "बघा. हल्ली पंधराच्या खाली एकही नाही."

बाईंनी चिठ्ठ्या चाळल्या. त्याला विचारलं, "हे काय मोजतं?"

"पट न बघता किती चाली लक्षात राहतात, ते."

"यांना तेवीस चाली लक्षात राहतात? परवा?"

"नाही," तो म्हणाला. "मशीन खोटं सांगतंय. मीच तसं केलं."

ताई खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी चिठ्ठ्या डब्यात परत ठेवल्या. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. इथे माणूस समजून आला तर पुढे काही झालं तरी रुळतो. न समजता आणलेला रोज दार शोधत राहतो, आणि आमच्याकडे दारं बंद करायची रीत नाही. या सात-आठ महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर ही समोरची खोली रिकामी होती."

ताई आता भावाकडे राहायला आली. गॅसचा नळ बंद करून त्याला कुलूप लागलं. बाहेरच्या दाराला वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, त्याने स्वतः कडी ठोकली. आणि मशीनमधल्या त्या सात ओळी काढून टाकल्या.

"आता काढून कुणाचं भलं होणार?" बायकोने विचारलं. खोटं तेवढं तरी घरात नको, एवढंच त्याला वाटत होतं.

ताई मशीन रोज हातात घ्यायची. ते सोडून दुसऱ्या कशात तिचं मन लागत नव्हतं. चिठ्ठ्या यायच्या: दोन. एक. तीन. एक. ती त्या फाडून डब्यात ठेवायची. आकडे तिला वाचता येतात, त्यांचा अर्थ लागत नसेल, असं तो धरून चालला होता.

आठवड्याने सकाळी तो चहा पीत बसला होता, तेव्हा ताई खोलीतून बाहेर आली. अंगात कोट, दोन्ही पायांत बूट, केस नीट विंचरलेले. एका हातात कपड्यांची पिशवी. दुसऱ्या हातातल्या चिठ्ठ्या तिने टेबलावर एकापुढे एक मांडल्या.

"सात झाल्या," ती म्हणाली. "चल, बारक्या. मी सही करते."

कित्येक दिवसांनी तिने त्याला ओळखलं होतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. त्याने कप खाली ठेवला.

"ताई, बस जरा. तिथे तुला आता घेत नाहीत."

"का?"

"उशीर झाला. तुझे सात दिवस मागेच भरत आले होते. सहा झाले होते. सातव्या दिवशीची चिठ्ठी खोटी होती. मी मशीन बदललं होतं."

"कशाला?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

ती उभीच राहिली. त्याला वाटलं, ऐकलंच नाही. मग तिची नजर दाराकडे गेली, आणि वर, कडीकडे.

"ती कडी माझ्यासाठी आहे?"

"हो, ताई."

"मी इथे राहते असं म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग तेवढं तरी विचारायचंस रे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली आणि दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. त्या दिवशी त्याने रजा टाकली आणि तिच्यासमोर बसून राहिला. तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं, निदान सांगितलं तरी. आता ती हवं तेवढं रागावू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुन्हा खोलीतून बाहेर आली. कोट, बूट, पिशवी. चिठ्ठ्या तिने टेबलावर मांडल्या, एकेक मोजत. कालचं तिला काही आठवत नव्हतं. चेहरा शांत होता, एखादं काम वेळेवर उरकायला निघालेल्या माणसाचा असतो तसा.

"सात झाल्या, बारक्या. चल, मी सही करते."

त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने नकारार्थी मान हलवली. रोज सकाळी तिला तेच ऐकवायचं, रोज तिने नव्याने ते पहिल्यांदा ऐकायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं.

"उद्या जाऊ, ताई," तो म्हणाला. "आज बस बंद आहेत."

"उद्या नक्की?"

"नक्की."

"बघ हं, पुढे ढकलू नकोस," ताई म्हणाली. "उशीर झाला तर मला सही करता येणार नाही."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, कपडे पुन्हा कपाटात लावले आणि डेपोत जायला निघाला.